मेरीकाठची खुरपणी

जुलैअखेरच्या एका रविवारी मेलबर्नच्या उत्तरेकडच्या उपनगरांत मेरी क्रीकच्या काठी गाडी लावायला जागा मिळत नाही. नॅशनल ट्री डे असतो. थंडी मी म्हणत असते, तरी मुलं गमबूट घालून आईवडिलांबरोबर येतात. शाळांचे गट येतात, कंपन्यांचे येतात. एका बाजूला सॉसेज आणि कांदा भाजला जात असतो. दोन तासांत सगळा उतार रोपांभोवती ठोकलेल्या हिरव्या प्लास्टिकच्या नळकांड्यांनी भरून जातो, फोटो निघतात आणि लोक समाधानाने घरी जातात. मीही अशीच पहिल्यांदा गेले होते आणि अशीच घरी आले होते.

त्याच उतारावर ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही सात जण होतो. इथला वसंत ऋतू सुरू झालेला, जमिनीत ओल, वर ऊन. नळकांड्यात डोकावलं तर रोपाच्या वर वीतभर तण. रोप त्याच्या खाली पिवळं पडून उजेड शोधत होतं. त्या सकाळी सात माणसांच्या हातून त्या उताराचा एक कोपराही पुरा झाला नाही.

माझं म्हणणं या दोन रविवारांमधल्या फरकाबद्दल आहे. ओढ्याकाठचं मूळ रान परत आणणं म्हणजे झाडं लावणं, असा समज सरकारांनी, कौन्सिलांनी (म्हणजे इथल्या नगरपालिकांनी) आणि आपण सगळ्यांनी करून घेतला आहे. प्रत्यक्षात ते काम मुख्यतः खुरपणीचं आहे. लावणी एका सकाळची, खुरपणी वर्षानुवर्षांची. सार्वजनिक पैसा मात्र त्या एका सकाळीच खर्च होतो आणि उरलेली वर्षं स्वयंसेवकांच्या चांगुलपणावर सोडून दिली जातात. हे मला चुकीचं वाटतं, आणि ते बदलता येण्यासारखं आहे म्हणून लिहिते आहे.

क्रीक म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर खाडी येते. ऑस्ट्रेलियात क्रीक म्हणजे ओढा. मेरी मेलबर्नच्या उत्तरेला वॉलनच्या बाजूला डोंगरात उगम पावते, सुमारे 70 किलोमीटर दक्षिणेला वाहते आणि डाइट्स फॉल्सजवळ यारा नदीला मिळते. इथल्या मूळ रहिवासी वुरुंजेरी लोकांच्या वोइवुरुंग भाषेत 'मेरी मेरी' म्हणजे खूप दगडधोंड्यांची जागा. नाव अगदी खरं आहे. सुमारे आठ लाख वर्षांपूर्वी या खोऱ्यातून लाव्हा वाहत आला, त्याचा काळा बेसॉल्ट झाला आणि ओढ्याने त्यातूनच आपली वाट कोरली. शहर वसल्यावर याच कातळाच्या खाणी झाल्या. मेलबर्नच्या जुन्या गल्ल्या, कोबर्गचा पेंट्रिज तुरुंग, कित्येक चर्च या दगडात उभे आहेत. दगड काढून झाला तेव्हा खाणींत शहराचा कचरा भरला गेला. 1969 च्या वाहतूक आराखड्यात तर या खोऱ्यातून फ्रीवे न्यायचं ठरत होतं. काठावरची माणसं आडवी आली म्हणून ते टळलं. 1982 साली ब्रन्सविक ईस्टमध्ये अशाच एका भरलेल्या खाणीवर सीरीस नावाचं पर्यावरण केंद्र उभं राहिलं. काठावरच्या कौन्सिलांनी आणि नागरिकांच्या गटांनी मिळून 1989 साली मेरी क्रीक मॅनेजमेंट कमिटी स्थापन केली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सेक्रेड किंगफिशर, म्हणजे आपल्या खंड्याचा इथला भाऊबंद, पुन्हा ओढ्यावर दिसू लागला आणि 1994 पासून त्याच्या परत येण्याचा उत्सव होऊ लागला.

माझं माहेर माण तालुक्यातलं. काळा कातळ, त्यावर पातळ माती, पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत, चार महिन्यांनी तेच गवत सोन्यासारखं पिवळं. मेलबर्नच्या उत्तरेकडच्या क्रेगीबर्नला घर घेतल्यावर पहिल्यांदा मेरीकाठी गेले तेव्हा मी बराच वेळ नुसती उभी राहिले. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला त्यामानाने कालचा, पण खडक तोच, तसंच झाडं कमी आणि गवत फार. इथल्या माळाचं मुख्य गवत म्हणजे कांगारू ग्रास, थेमेडा ट्रायांड्रा. हे गवत आफ्रिकेपासून भारतापर्यंत आणि ऑस्ट्रेलियापर्यंत सगळीकडे आहे. मी हजारो मैल येऊन एका ओळखीच्या गवतापाशी उभी होते.

या माळाकडे दोन्हीकडच्या सरकारांनी सारख्याच नजरेने पाहिलं. आपल्याकडे गवताळ माळ सरकारी नोंदींत 'पडीक' या सदरात जातो. इथे तो 'मोकळी जागा' ठरला. व्हिक्टोरियाच्या ज्वालामुखी पठारावरचं मूळ गवताळ रान आज एक टक्क्यापेक्षाही कमी उरल्याचं सांगतात, आणि 2008 पासून ते अति-धोक्यातल्या परिसंस्थांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तरी शहर त्याच माळावर वाढत राहिलं. 2010 च्या सुमारास राज्य सरकारने एक सौदा केला: नव्या उपनगरांसाठी माळ मोडायला परवानगी, आणि त्या बदल्यात शहराच्या पश्चिमेला 15,000 हेक्टर गवताळ जमीन 2020 पर्यंत विकत घेऊन राखून ठेवायची. 2020 साली राज्याच्या महालेखापरीक्षकांनी हिशेब तपासला तेव्हा त्यातली जेमतेम 10 टक्के जमीन घेतली गेली होती. घरं वेळेवर झाली, माळाला दिलेला शब्द मागे पडला. माझं घर अशाच एका मोडलेल्या माळावर उभं आहे. हे लिहिताना मला ते विसरता येत नाही.

आता खुरपणीकडे येते. या कामाची पहिली शिकवण मला दोन बहिणींकडून मिळाली, ज्या माझ्या जन्माआधीपासून हे करत होत्या. जोन आणि आयलीन ब्रॅडली. सिडनीच्या मॉस्मन भागात, बंदराच्या कडेला असलेल्या रानात त्या रोज फिरायला जात. त्या रानात टणटणी माजलेली होती. हो, आपल्या सह्याद्रीत जिला घाणेरी म्हणतात तीच लँटाना. अमेरिकेतून निघालेली ही झुडपं इंग्रजांच्या बागांतून दोन्ही देशांत पसरली. टणटणी तोडून रान साफ करायची तेव्हाची रीत म्हणजे माणसं आणि यंत्रं लावून सगळा उतार एकदम उघडा करायचा. ब्रॅडली बहिणींच्या लक्षात आलं की अशा उघड्या जमिनीवर वर्षभरात आधीपेक्षा दाट तण उगवतं. त्या मात्र चालता चालता थोडं थोडं तण हाताने उपटत, माती पुन्हा दाबून बसवत, पालापाचोळा परत पसरत. आणि त्यांच्या वाटेच्या कडेला मूळ झाडं आपणहून उगवत होती.

1960 च्या दशकात त्यांनी यातून तीन नियम बांधले. आधी जिथे रान चांगलं आहे तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू वाईटाकडे सरकायचं. जमीन शक्य तितकी कमी हलवायची. आणि तिसरा, सगळ्यांत अवघड: मूळ झाडं ज्या वेगाने परत येतील त्याच वेगाने तण काढायचं, त्याहून घाई करायची नाही. म्हणजे कामाचा वेग ठरवायचा अधिकार माणसाकडे नाही, रानाकडे आहे.

हे नियम ऐकायला साधे वाटतात. पण ते अनुदानाच्या अर्जात बसवून पाहा. आम्ही दर वर्षी जे अर्ज भरतो त्यांत रकाने असतात: किती रोपं लावणार, किती स्वयंसेवक येणार, किती तास काम होणार, किती चौरस मीटर क्षेत्र साफ होणार. मुदत बारा किंवा अठरा महिने. ब्रॅडली बहिणींच्या पद्धतीचं इमानाने वर्णन करायचं तर लिहावं लागेल: 'या वर्षी आम्ही चांगल्या तुकड्याच्या कडेने तीन मीटर आत सरकू आणि एकही रोप लावणार नाही, कारण जमिनीत बी आहे.' असा अर्ज मंजूर झालेला मी पाहिलेला नाही. म्हणून गट नाइलाजाने लावणी लिहितात. जिथे लावणीची गरज नसते तिथेही खड्डे खणले जातात, खणलेल्या मातीत तणाचं झोपलेलं बी जागं होतं आणि पुढच्या वर्षी त्याच जागेसाठी नवा अर्ज करावा लागतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. 2016 साली 1 जुलैला एका दिवसात 2 कोटी झाडं लावायचा संकल्प झाला. 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, त्या खड्ड्यांत माझ्या मामेभावंडांनीही रोपं लावली आहेत. पण तो आकडा लावलेल्या झाडांचा होता. जगलेल्यांचा नव्हता, आणि ज्या माळावर मुळात झाडं असायलाच नकोत तो माळ झाडांखाली गेला त्याचाही नव्हता. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी भराभर वाढते म्हणून ग्लिरिसिडिया लावली. खेड्यांत तिला उंदीरमारी म्हणतात. आज तिच्या दाटीत गवतालाही जागा मिळत नाही आणि गवतावरच्या पाखरांनाही. म्हणजे एका पिढीने केलेलं वृक्षारोपण दुसरी पिढी खुरपत बसली आहे.

मेरीकाठी माझा सगळ्यांत मोठा शत्रू झाड नाही, गवतच आहे. चिलियन नीडल ग्रास. मी त्याला सुईगवत म्हणते. माणच्या माळावर कुसळीतून चालल्यावर परकराला कुसळं टोचून बसायची, अगदी तशीच याची बी मोज्यात घुसते. कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं आणि बी मातीत शिरतं. शिवाय हे गवत बुडाशी, पेरांच्या आत, लपवून वेगळं बी धरतं. वरचे तुरे कापले तरी खालचं बी राहतंच. गवत कापायच्या यंत्रांवर बसून ते एका बागेतून दुसऱ्या बागेत प्रवास करतं. आणि ते इथल्या मूळ स्पिअर ग्रासशी इतकं मिळतंजुळतं असतं की नवख्या माणसाने भलतंच उपटावं. ओळखायची खूण अशी की दाणा आणि कुसळ जिथे जुळतात तिथे बारीकसं उठावदार कडं असतं. भिंगातून छान दिसतं. ते बघायला शिकायला मला दोन वसंत लागले. पहिल्या वसंतात मी जे काही उपटलं त्यातलं किती बरोबर होतं याचा विचार आला की अजून वाईट वाटतं.

खुरपणी हे कौशल्याचं काम आहे, असं मी म्हणते ते याचसाठी. कोणीही यावं आणि हात लावावा असं ते नाही. शेजारी उभं राहून 'हे नको, ते काढ' म्हणणारं जाणकार माणूस लागतं, आणि ते माणूस पुढच्या वर्षीही तिथेच असावं लागतं. मेरीवर हे जमलं याचं श्रेय 1989 च्या त्या व्यवस्थेला आहे. कमिटीकडे पगारी पथक आहे. वनस्पती ओळखणारी, आग हाताळणारी माणसं त्यात आहेत. कांगारू ग्रास बरीच वर्षं न जळता वाढलं तर स्वतःच्याच वाळलेल्या पात्यांखाली गुदमरतं आणि झुपक्यांमधल्या मोकळ्या जागेत उगवणारी रानफुलं संपतात. म्हणून काही तुकडे ठरावीक वर्षांनी जाळावे लागतात. उपनगराच्या मधोमध, घरांपासून हाकेच्या अंतरावर गवत पेटवणं हे रविवारच्या स्वयंसेवकाचं काम नव्हे. वुरुंजेरी लोकांचं स्वतःचं नरप नावाचं पगारी पथक आज आपल्या भूमीवर हे काम करतं, आणि आगीचं ज्ञान मुळात त्यांचंच आहे. मेंढ्या येण्याआधी या माळावर मुरनाँग नावाच्या कंदाचे मळेच्या मळे होते. बायका काठीने खणून ते काढत, खणण्यानेच जमीन भुसभुशीत राही. 1835 नंतर मेंढ्यांनी काही वर्षांत ते कंद खाऊन संपवले, आणि एका समाजाचं रोजचं अन्न गेलं. इथल्या रानाची राखण ही मुळात कोणाचा छंद नव्हती, ते रोजचं जगणं होतं.

आता आक्षेपांकडे. माझी एक शेजारीण, आपलीच मराठी, मला म्हणाली, "अगं, आपण स्वतः बाहेरून आलेलो. आणि तू बाहेरची झाडं उपटत फिरतेस? तुला काही वाटत नाही का?" तिच्या प्रश्नात दुखणं होतं. ती बस स्टॉपवर 'परत जा' ऐकून आलेली होती. देशी आणि परकी हे शब्द माणसांवर कसे फेकले जातात ते आम्हां दोघींनाही ठाऊक आहे.

मी तिला म्हटलं ते असं. झाडांना लावलेला नियम माणसांना लावू नये, आणि माणसांची वेदना झाडांना लावू नये. वनस्पतीचं मूळ गाव कुठलं हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ती आल्यावर बाकीच्यांना जगू देते का, हा खरा प्रश्न आहे. इथली रिव्हर रेड गम म्हणजे आपण जिला नीलगिरी म्हणतो त्यातलीच एक. मेरीकाठी तिच्या जुन्या खोडांत ढोल्या पडतात, त्या पडायला शंभराहून अधिक वर्षं लागतात आणि मग त्यांत पोपट आणि पॉसम नावाचे पिशवीवाले प्राणी राहतात. तीच जात आपल्याकडे ओळींत लावली की तिची पानं खाणारं फारसं कोणी नाही आणि तिच्याखाली फारसं काही वाढत नाही. कोकणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळही याच देशाच्या उत्तरेकडची. झाड तेच, पण त्याचं गोत बरोबर गेलेलं नाही.

आणि नियम आंधळेपणाने पाळायचा नसतो, हेही मी याच माळावर शिकले. गोल्डन सन मॉथ नावाचा एक दुर्मीळ पतंग आहे. प्रौढ पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. खाल्ल्याप्याल्याशिवाय तो जेमतेम काही दिवस जगतो, कडक उन्हात उडतो, जोडीदार शोधतो आणि संपतो. त्याच्या अळ्या गवताच्या मुळांशी वाढतात. मूळ गवत संपलं तिथे त्या याच माझ्या वैऱ्याच्या, सुईगवताच्या मुळांवर जगताना सापडल्या आहेत. म्हणजे एखाद्या तुकड्यातलं सगळं सुईगवत एका फटक्यात काढलं तर धोक्यातला पतंगही त्याबरोबर जाईल. काटेरी ब्लॅकबेरीचंही तसंच. मोठा मूळ झुडुपपट्टा तयार होईपर्यंत निळे रेन पक्षी तिच्याच जाळीत घरटी करतात. म्हणून पट्ट्यापट्ट्याने, आधी पर्याय उभा करून, मग काढायचं. हा ब्रॅडली बहिणींचाच तिसरा नियम. हे ठरवायला दहा-दहा वर्षं त्या जागेवर नजर असलेला माणूस लागतो. एका वर्षाच्या अनुदानात तो बसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. लोक प्रेमाने फुकट करत आहेत, तर तिथे कराचा पैसा कशाला? इस्पितळं आहेत, शाळा आहेत. मला वाटतं या प्रश्नात 'फुकट' हा शब्दच चुकतो. स्वयंसेवकाच्या दोन तासांमागे कोणीतरी आधी जागा पाहिलेली असते, औजारं आणलेली असतात, स्थानिक बियांपासून रोपं वाढवलेली असतात, विमा काढलेला असतो, माजलेली विलोची परकी झाडं करवतीने पाडून ठेवलेली असतात. हे सगळं असेल तर सात माणसांचे दोन तास कारणी लागतात. नसेल तर ते सात जण घाम गाळून घरी जातात आणि पुढच्या वेळी पाच येतात. माझ्या गटात बहुतेक जण निवृत्त आहेत. त्यांच्या गुडघ्यांवर एका शहराचा ओढा उभा आहे, हे मला रास्त वाटत नाही.

शिवाय काठावर कितीही खुरपलं तरी ओढ्याचं दुखणं वरून येतं. पूर्वी माळावर पडलेला हलका पाऊस मुरायचा. आता छप्पर, अंगण, रस्ता, नळ, असं करत तो काही मिनिटांत ओढ्यात उतरतो, येताना टायरची धूळ, तेल आणि खत घेऊन. प्रत्येक सरीला एक छोटा पूर. त्यात काठ खचतात, तळातले किडे वाहून जातात आणि तणाचं बी ओल्या गाळात रुजतं. मेलबर्नच्या पूर्वेला माउंट एव्हलिनमध्ये लिटल स्ट्रिंगीबार्क क्रीकवर शास्त्रज्ञांनी उलट दिशेने काम करून पाहिलं: काठ सोडून घरोघरी गेले, पाण्याच्या टाक्या बसवल्या, रस्त्याकडेला पाणी मुरवणारे वाफे केले. ओढा सुधारायचा तर छपरापासून सुरुवात करा, असं त्या कामाचं सांगणं आहे. आमच्यासारखे स्वयंसेवक नव्या वसाहतीच्या बिल्डरला पाणी मुरवायला भाग पाडू शकत नाहीत. ते कायद्याने आणि परवानगीच्या अटींनी होतं, आणि अटी पाळल्या का हे पाहायला माणूस नेमावा लागतो.

पश्चिमेकडच्या स्टोनी क्रीकचं उदाहरण मला फार लागलं. तिथेही काठावरच्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून रान उभं केलं होतं. 30 ऑगस्ट 2018 ला वेस्ट फुटस्क्रेमधल्या एका गोदामाला आग लागली. गोदामात रसायनं होती. आग विझवायला वापरलेलं पाणी ती रसायनं घेऊन नाल्यावाटे थेट ओढ्यात गेलं. 2,000 पेक्षा जास्त मेलेले मासे काढावे लागले. गोदामात काय साठवलंय हे वेळेवर तपासणं कोणत्याही स्वयंसेवकाच्या हातात नव्हतं. ज्यांच्या हातात काही नव्हतं त्यांचंच काम वाहून गेलं.

म्हणून या मे महिन्यात कौन्सिलच्या अंदाजपत्रकावर सूचना मागवल्या तेव्हा मी लिहून पाठवलं. ओढ्याकाठच्या प्रत्येक लावणीबरोबर पुढच्या दहा वर्षांच्या खुरपणीचा खर्च त्याच वेळी मंजूर व्हावा, आणि तो होत नसेल तर लावणी करू नये. निम्मी रोपं लावा, पण ती सांभाळा. स्वयंसेवकांच्या प्रत्येक गटामागे नावानिशी एक पगारी जाणकार असावा, तो वर्षावर्षाला बदलू नये. अहवालात लावलेली रोपं मोजण्याऐवजी तीन, पाच आणि दहा वर्षांनी त्या तुकड्यात किती मूळ जाती आपणहून उगवल्या ते मोजावं. नव्या वसाहतींच्या पाण्याचा हिशेब ओढ्याच्या हिशेबातच धरावा. यातलं काहीच नवीन नाही. मेरीच्या खालच्या भागात याचं पुष्कळ करून दाखवलेलं आहे. जिथे माझ्यासारखी नवी कुटुंबं राहायला आली, त्या वरच्या भागातच ते सगळ्यांत कमी आहे. क्रेगीबर्न, वोलर्ट, डॉनिब्रूक इथे आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. गणपतीला हॉल भरतो. अंदाजपत्रकावर लिहिणाऱ्यांत मला अजून आपली नावं दिसत नाहीत, आणि मला ती दिसायला हवी आहेत.

सूचनेबरोबर मी एका वहीची दोन पानं जोडली. वही आमच्या गटातल्या एका बाईंची. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी ती माझ्याकडे दिली. खरं तर ती कौन्सिलच्या दप्तरी असायला हवी होती, कारण त्या उताराची दुसरी कुठलीही नोंद कोणाकडे नाही. त्यात त्यांनी दर वर्षी एक-दोन ओळी लिहिल्या आहेत. 2011: लावणी, खूप लोक. 2012: खुरपणी. 2013: खुरपणी, ब्लॅकबेरीचा पूर्वेकडचा निम्मा भाग काढला. 2014, 2015, 2016: खुरपणी. 2017: कातळाशेजारी कांगारू ग्रासची सहा रोपं आपणहून, कोणी लावलेली नाहीत. 2018: त्याची वीस. 2019: जाळलं, नंतर कातळाच्या खाली दोन प्रकारची लिली. 2020: लॉकडाउन, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कोणी जाऊ शकलं नाही. 2021: सुईगवत वाटेपासून मधल्या बाकापर्यंत, लिली दिसली नाही. त्याखाली शिसपेन्सिलीने: कातळापासून पुन्हा सुरुवात, तीन मीटर.